न प्यायलेली दारू

मी आयुष्यात दारूचा घोट घेतलेला नाही. तरी माझ्या मेहुण्यानं माझी दारू सोडवली, आणि माझी सुटावी म्हणून स्वतःची तंबाखू सोडली. आमच्याकडे सणावाराला चार माणसं जमली की हा किस्सा निघतोच. मेहुणा सांगतो, बायको मधे मधे दुरुस्त्या करते, पोरं पोट धरून हसतात. मीही हसतो, आणि हसताना एक गोष्ट गिळतो. आता पन्नाशी उलटली, प्रकृती बरी आहे, कुणाचं काही वाईट झालेलं नाही. तेव्हा ती गिळलेली गोष्ट एकदा लिहून टाकावी म्हणतो. तोंडानं सांगायचं मला कधीच जमलं नाही.

आमचं मूळ घर शेतकऱ्याचं, उमरग्याकडचं. वडील तरुणपणी हैदराबादला आले आणि सरकारी कचेरीत चिकटले. मी जामबागेतल्या मराठी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलो. पोरानंही कचेरीत जावं असं वडिलांना फार वाटे. मला मात्र शाळा सुटली की अफजलगंजला माल भरून उभ्या असलेल्या गाड्या बघत उभं राहायची चटक. शेवटी गाडीवरच गेलो. वडील वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. पुढे लग्न झालं तर बायकोचा थोरला भाऊही गाडीवरचाच निघाला. आम्ही दोघांनी मिळून एक ट्रक घेतला आणि हैदराबाद-सोलापूर लाईन धरली. जाताना पंखे, कूलर, तांदूळ. येताना चादरी, टॉवेल, कांदा. बाजार खुला झाल्यापासून माल तर असा यायला लागला होता की आधी कधी बघितला नव्हता. रंगीत टीव्ही, कपडे धुवायची मशिनं, थंड पेयांचे क्रेट. गाडी रिकामी उभी राहायचे दिवस संपले होते. आम्ही आलटून पालटून चालवायचो, एकानं हातात घेतली की दुसरा मागच्या फळीवर आडवा.

मेहुणा माझ्यापेक्षा वयानं मोठा, गाडीवर तर कितीतरी जुना. पण मी पडलो जावई. तो मला ‘दाजी’ म्हणायचा, अहोजाहो करायचा. मी त्याला ‘भाऊ’ म्हणायचो. गाडीखाली शिरायचं काम निघालं की मला शिरू द्यायचा नाही. “बहिणीला काय सांगू, जावयाला ग्रीस फासलं म्हणून?” असं म्हणून स्वतःच चिंध्या घेऊन आडवा व्हायचा. धाब्यावर पहिली भाकरी माझ्या ताटात. चांगला रस्ता माझ्या वाट्याला, खड्ड्यांचा त्याच्या. मी कधी चुकलो तर रागावणं नाही. रागावायचंच झालं तर गाडीवर रागवायचा. “या गाडीला आज काय झालंय, सरळ चालंना,” असं म्हणायचा, आणि मी समजायचो की गियर चुकीचा पडलाय.

मला पहिल्यांदा जाणवलं ते तहानेनं. पाण्याचा कॅन संपायचा आणि मी पुन्हा भरायला उतरायचो. आणि जेवढं पिणं तेवढंच गाडी थांबवणं. मेहुण्यानं दोन खेपा बघून घेतलं, तिसऱ्या खेपेला म्हणाला, “दाजी, प्रत्येक मैलाच्या दगडाला पाणी घालायचा नवस बोललाव काय?” मी हसलो. पण पुढे वजन उतरायला लागलं, पँट दोरीनं बांधायची पाळी आली, तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी कुणाला न सांगता कोठीला एका दवाखान्यात गेलो.

डॉक्टर म्हातारे होते, दखनीतच बोलायचे. तपासणीचा कागद बघून म्हणाले, “शक्कर है मियाँ. अच्छी खासी है.” गोळ्या दिल्या. गोळी घेतली की वेळेवर खायचंच, हे दोनदा बजावलं. मग म्हणाले, “पसीना छूटे, हाथ काँपने लगे, तो समझो शक्कर गिर रही है. जो काम हाथ में है वो छोडो, पहले मीठा खाओ.” मी विचारलं, गाडी चालवायला हरकत नाही ना? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “कौनसी गाडी? स्कूटर?” मी म्हणालो, ट्रक. ते म्हणाले, “पहले शक्कर को काबू में लाओ, फिर बात करेंगे.”

मी पुन्हा गेलोच नाही. गेलो असतो तर ती बात करावी लागली असती.

आमच्या यार्डात एक ड्रायव्हर होता, त्याला शुगर निघाली होती. पायाला जखम झाली, ती बरी होईना, मालकानं त्याला गाडीवरून उतरवला. तो आता यार्डाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा. येणाऱ्या जाणाऱ्या गाडीला हात करायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, “कौनसी लाईन?” उत्तर ऐकलं की त्या लाईनवरचा एखादा धाबा नाहीतर घाट सांगायचा, ऐकायला कुणी थांबो न थांबो. मला ती खुर्ची दिसायची. गाडीसाठी मी वडिलांचा शब्द मोडला होता. गाडी गेली तर माझ्याजवळ दाखवण्यासारखं दुसरं काय होतं?

म्हणून गोळ्या लपवल्या. जुन्या टॉर्चमधला एक सेल काढला आणि त्या जागी गोळ्यांची पट्टी गुंडाळून बसवली. मेहुणा चार वेळा ती टॉर्च उचलायचा, बटण दाबायचा आणि वैतागायचा, “ही टॉर्च फेका बरं दाजी, कधी पेटलेली बघितली नाही.” मी म्हणायचो, राहू द्या, जुनी आहे. घरी बायको चहात साखर घालायची, मी प्यायचो. गोळी आहे ना, असं मनाशी म्हणायचो. गोड जास्त झालं असं वाटलं की अर्धी गोळी जादा. माझं मीच ठरवायचो. डॉक्टरला कोण विचारतं? तब्येत जरा सुधारली होती, त्यामुळे आपल्याला यातलं कळतं असंही वाटायला लागलं होतं.

आणि मग धोंड्याचा महिना आला.

अधिक महिन्यात आमच्याकडे जावयाचं काय होतं ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. सासू धोंडे करते, पुरण भरलेले, वर तुपाची धार. अनारसे तेहतीस मोजून ताटात, आणि जावई पोट धरून उठेपर्यंत आग्रह. त्या वर्षी तो महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. सासुरवाडी हुमनाबादच्या पुढे, आमच्या लाईनवरच, रस्त्यापासून थोडी आत. बायको पोरांना घेऊन आधीच जाऊन बसली होती. ठरलं असं की आम्ही कूलरचा माल घेऊन सकाळी निघायचं, दुपारी गाडी फाट्यावर लावून जेवायचं, आणि मग सोलापूर.

सकाळी निघताना मी हिशेब केला. आज धोंडे, अनारसे, पुरण. नाही म्हणता येणार नाही. नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील. तेव्हा शुगर चढायच्या आधीच खाली दाबून ठेवावी. मी एकाच्या जागी दोन गोळ्या घेतल्या. वर आणखी अर्धी. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं. नाश्ता केला नाही. सासुरवाडीला भरल्या पोटानं कोण जातं?

झहीराबाद ओलांडलं आणि सरहद्दीच्या चेकपोस्टवर गाड्यांची रांग लागलेली. दोन राज्यांचे कागद, त्यातून कुणीतरी साहेब जेवायला गेलेला. ऊन असं की केबिनचा पत्रा हाताला चटका देत होता. रांगेच्या कडेनं वडे विकणारा फिरत होता. मी त्याला हाक मारली. मेहुण्यानं हात आडवा घातला.

“वडे खाताव दाजी? आई तिकडं पहाटेपासून चुलीपुढं बसलीय. मी जाऊन काय सांगू, जावयानं चेकपोस्टवर जेवण केलं म्हणून?”

“एकच घेतो.”

“एक बी नको. तुमचं पोट आज आईचं आहे.”

तोही उपाशीच होता. त्याला तंबाखूचा आधार होता. मी हात मागे घेतला.

आता गिळलेली गोष्ट. किस्स्यात असं सांगतात की चेकपोस्ट सुटल्यावर मला एकाएकी झटका आला. मेहुण्याला मीच तसं सांगितलं, आणि त्यानं ते पोरांना सांगितलं. ते खरं नाही. एकाएकी काही आलं नाही. रांगेतच माझी पाठ घामानं भिजली होती, आणि तो घाम उन्हाचा नव्हता, गार होता. कागद पुढे करताना हात थरथरत होता. डॉक्टरांचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवलं. आमची रांग सुटली तेव्हा मेहुण्यानं माझ्याकडे बघून विचारलं, “दाजी, चेहरा उतरलाय तुमचा. मी घेऊ का?”

मी म्हणालो, “नको. मी घेतो.”

दिली असती गाडी त्याच्याकडे तर काय झालं असतं? काही नाही. पण माझी पाळी होती. पाळी असताना चाक सोडलं तर तो विचारील, का? आणि एकदा का विचारलं की मग टॉर्च, मग कोठी, मग ती फाटकाजवळची खुर्ची. हे सगळं मला त्या एका क्षणात दिसलं. म्हणून मी चाकामागे बसलो. जाणूनबुजून बसलो.

पुढचं मला तुटक आठवतं. रस्ता पांढरा झाला होता. मेहुणा काहीतरी बोलत होता आणि मला त्याचा राग येत होता, कशाचा ते कळत नव्हतं. मी त्याला काहीबाही बोललो. तो सांगतो की मी त्याला अरेतुरे केलं, आयुष्यात पहिल्यांदा. पुढे एक फाटा होता. लिंबाखाली दोन-तीन माणसं बसची वाट बघत उभी होती, त्यात एक बाई, डोक्यावर गाठोडं. मला ती माणसं दिसत होती. ती माणसं आहेत आणि गाडी त्यांच्याकडे चाललीय या दोन गोष्टी एकमेकींना जोडता येत नव्हत्या, एवढंच.

मेहुण्यानं माझ्या अंगावरून झेप घेऊन चाक फिरवलं आणि ब्रेकवर माझ्या पायासकट पाय दिला. गाडी लिंबाच्या अलीकडे, रस्त्याखाली उतरून नांगरलेल्या रानात थांबली. धूळ बसली. त्या माणसांनी थोडा आरडाओरडा केला, शिव्याही दिल्या असतील. मग बस आली असावी, कारण मी वर बघितलं तेव्हा लिंबाखाली कुणी नव्हतं.

 माझ्या तोंडाजवळ तोंड आणून मेहुण्यानं वास घेतला. वास आला नाही, पण उन्हाळ्यात केबिनमध्ये डिझेलचा, घामाचा, त्याच्या तंबाखूचा इतका वास असायचा की त्यात काही कळायचं नाही. मी घामानं निथळत होतो, जीभ जड झाली होती, डोळे लागत होते. त्यानं स्वतःपुरता निकाल लावून टाकला. मला खाली उतरवलं, खांद्याला धरून चालवत रस्त्यापलीकडच्या रसवंतीवर नेलं आणि उसाच्या रसाचे दोन पेले लिंबू-आलं घालून घशात ओतले. त्याच्या मते यानं उतरते.

आणि उतरली! पाऊण तासात मी माणसात आलो. मेहुण्यानं पुढे कित्येक वर्षं लाईनवरच्या पिणाऱ्या ड्रायव्हरांना उसाच्या रसाचा उपाय सांगितला, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय म्हणून.

मला शुद्ध आली तेव्हा तो माझ्यासमोर उकिडवा बसला होता. हळू आवाजात म्हणाला, “दाजी, कधीपासून?”

मला वाटलं, याला टॉर्चमधलं सापडलं.  मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, “कुणाला सांगत नाही मी. बहिणीला पण नाही. पण भर दिवसा, चाकावर... कुठं घेतली? मी झोपलो होतो तेव्हा पटनचेरूला?”

तेव्हा मला कळलं की तो दारूचं विचारतोय.

खरं सांगतो, मला हलकं वाटलं. दारू सुटते. दारू सोडलेला ड्रायव्हर पुन्हा चाकावर बसतो, लोक उलट पाठ थोपटतात. शुगरवाल्याला तो रस्ता नव्हता. मी मान खाली घातली आणि म्हणालो, “चुकलं माझं, भाऊ. पुन्हा नाही.” ते दोन्ही शब्द खरे होते, म्हणून सहज निघाले.

त्यानं केबिनमधला देवाचा फोटो काढून आणला. मी त्यावर हात ठेवून दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतली. मग तो म्हणाला, “नुसतं तुम्हालाच का बांधायचं? तुम्ही ती सोडा, मी ही सोडतो.” कमरेची चंची काढली, तंबाखू-चुन्यासकट रसवंतीवाल्याला देऊन टाकली. मिसरूड फुटल्यापासून त्याच्या कमरेला असलेली चंची. मी बघत राहिलो. आता तरी बोलायला हवं होतं. नाही बोललो.

गाडी रानातून काढायला ट्रॅक्टर आणावा लागला. सासुरवाडीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. सासूबाई दारातच उभ्या. “जावईबापू, धोंडे गार झाले की हो!” बायकोनं माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं, दोघांच्या कपड्यांवरच्या मातीकडे बघितलं. मेहुणा म्हणाला, “गाडी घसरली. चल, वाढ.” मी धोंडे खाल्ले. मागून मागून खाल्ले. मेहुणा तूप वाढता वाढता कानाशी पुटपुटला, “खावा दाजी, पोटात अन्न असलं की त्याची आठवण येत नाही.”

त्यानंतरचे दोन-अडीच महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात लाडाचे आणि सगळ्यात वाईट. मेहुणा मला फार जपायचा. माझ्या पाळीतलं चालवणंही स्वतःच करायचा, मला थकवा येऊन पुन्हा वाट वाकडी होऊ नये म्हणून. धाब्यावर कुणी बाटली काढली की गाडी पुढच्या धाब्यावर. आणि तंबाखूवाचून त्याचे हाल. बडीशेप खायचा, लवंग चघळायचा, चिंचोके भाजून खायचा. सकाळचं पोट साफ होईना. चिडचिड इतकी की हॉर्नवरच हात. एकदा तर समोरच्या बैलगाडीवाल्याशी त्यानं चांगलं अर्धा मैल भांडण केलं, बैलगाडीच्या वेगानं ट्रक चालवत. आणि मी? मी माझी शपथ इमानदारीनं पाळत होतो. तिला काही कष्टच नव्हते.

गोळ्यांचं मात्र गणित सुटलं होतं. त्या दिवसाच्या भीतीनं कधी घ्यायचो, कधी नाही. तहान परत आली.

एकदा सोलापूरहून चादरी भरून येत होतो. नळदुर्गच्या अलीकडे, दुपारची वेळ, तो चाकावर. बघतो तर त्याची मान डुलत होती. तंबाखूवरच त्याचे डोळे उघडे राहायचे, ती गेली आणि त्यात दोघांचं काम तो एकटा करत होता. मी हाक मारली तसा तो दचकला. गाडी कडेला घेतली, तोंडावर पाणी मारलं. मग दार उघडून खाली उभा राहिला आणि चाकाकडे हात करून म्हणाला, “दाजी, घ्या. आता भरवसा आहे मला तुमचा.”

मी जागचा हललो नाही.

“घ्या की. असं काय करायलाव?”

“भाऊ,” मी म्हणालो, “मी दारू पीत नाही.”

“माहीत आहे ना. म्हणूनच तर म्हणतो, घ्या.”

“तसं नाही. कधीच पीत नव्हतो.”

मग सांगितलं. तहान, कोठी, गोळ्या, टॉर्च, अडीच गोळ्यांचा हिशेब. चेकपोस्टचं तेवढं सांगितलं नाही. एकाएकी झालं म्हणालो. तो रस्त्याच्या कडेला उन्हात उभा राहून ऐकत होता.  मग त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा :

“म्हणजे माझी तंबाखू फुकट गेली?”

मी मान डोलावली.

“इथं मला दहा-दहा दिवस पोट साफ होईना आणि हे बाबा शुगरचं औषध टॉर्चमध्ये घालून बसलेत!” तो टॉर्च शोधायला लागला. सापडल्यावर मागचं झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि हसायला लागला. इतका हसला की टायरला टेकून खाली बसला. मलाही हसू आलं. मग एकदम त्याचं हसू थांबलं.

“ती लिंबाखालची माणसं,” तो म्हणाला.

“हो.”

“त्या बाईच्या डोक्यावर गाठोडं होतं.”

“हो.”

“दाजी, बेवडा समजून मी तुमच्या शेजारी बसलो इतके दिवस. आजारी म्हणून नसतो बसलो का?” त्याचा आवाज चढला होता. जावयावर चढलेला आवाज त्यालाच नवा होता, पण त्यानं तो खाली आणला नाही. “उद्या कोठीला जायचं. मी येणार बरोबर. आणि आज चाकाला हात लावायचा नाही. आपण दोघं इथं झोपू, चादरीची गाडी आहे, अंथरायला काय कमी आहे?”

खरंच झोपलो. पहिल्यांदाच त्याच्याशेजारी निवांत झोप लागली.

डॉक्टरांनी मला ओळखलं. “ट्रकवाले मियाँ,” म्हणाले. मेहुण्यानंच सगळं सांगितलं, मला बोलू दिलं नाही. अडीच गोळ्यांपाशी डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “दावत अभी पेट में आई नहीं, और तुम गोली पहले खा के बैठ गए?” मेहुण्यानं मधेच विचारलं, उसाचा रस चालतो का? दारू नव्हती मग उतरलं कसं, हे कोडं त्याच्या डोक्यातून जाईना. डॉक्टरांनी ते समजावलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. आपला दारूवरचा उपाय गेला याचं त्याला वाईट वाटलं असावं. तो अजूनही लोकांना सांगतोच.

गोळी बदलली. जेवणाची वेळ चुकणार नाही असंच काम करायचं, दिवसाउजेडी, जवळपासचं. लांबची लाईन बंद. शुगर ताब्यात राहिली तर गाडी चालवायला हरकत नाही. मी ती बात ऐकायला इतका घाबरलो होतो, आणि ती इतकीशीच होती.

बायकोला घरी येऊन सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात न थांबवता ऐकत राहिली. मग म्हणाली, “दारूचं माझ्यापासून दादानं लपवलं, शुगरचं तुम्ही लपवलं. या घरात मी कोण आहे, भाडेकरू?” दोन दिवस बोलली नाही. ताट मात्र वेळेवर यायचं. तिसऱ्या दिवशी बिनसाखरेचा चहा पुढे ठेवून म्हणाली, “प्या. मीही तसाच घेतलाय. घाण लागतो.”

काम मेहुण्यानंच शोधलं. शहराबाहेर फ्रिजवाल्या, टीव्हीवाल्या कंपन्यांनी गोदामं उघडली होती, तिथून कोठी, आबिड्स, नामपल्लीच्या दुकानांत माल पोचवायला छोटे टेम्पो लागत. आमच्या ट्रकवर त्यानं दुसरा ड्रायव्हर घेतला. मी एक टेम्पो धरला. पहिल्या दिवशी फार लाज वाटली. ट्रकच्या उंचीवरून रस्ता बघायची सवय, इथं स्कूटरवाला बरोबरीनं डोळ्यांत डोळे घालून बघतो. सिग्नलला शेजारी आमच्या लाईनवरचा एक ट्रक उभा राहिला, वरून ड्रायव्हरनं हाक मारली, “काय हो, गाडीनं पिल्लू दिलं का?” मी म्हणालो, हो, आणि गाडी काढली.

त्या दिवशी दोन फ्रिज उतरवून झाले आणि बाराच्या सुमारास मी घरी जेवायला आलो. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण कामाच्या दिवशी, भर दुपारी मी घरी असा कधी आलोच नव्हतो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुपारी ऊन आत येतं आणि ओट्याच्या कडेपर्यंत सरकतं, हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या तेलुगू बाई दुपारी आमच्या उंबऱ्यात येऊन बसतात आणि बायको त्यांच्याशी फाडफाड तेलुगू बोलते, हेही माहीत नव्हतं. मला बघून त्या बाई पदर सावरत उठल्या आणि हसून काहीतरी म्हणाल्या.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“विचारतायत, हे घरी कसे, तब्येत बरी नाही का.”

“मग सांग ना.”

बायकोनं भाकरी थापता थापता त्यांना उत्तर दिलं. लांबलचक दिलं, मधे शुगर हा शब्द ऐकू आला, लपवला नाही तिनं. त्या बाईंनी मान हलवली, त्यांच्या नवऱ्यालाही आहे असं खुणेनं सांगितलं आणि निघून गेल्या. मी हातपाय धुऊन पाटावर बसलो. भाकरी तव्यावर फुगत होती.

“रोज याच वेळेला येणार ना?” तिनं विचारलं. “मग तवा त्या हिशेबानं ठेवते.”